पायदानावरची गाणी



आमच्या श्रीरामपूर तालुक्यात माणूस सकाळी उठला की आधी कांद्याचा भाव बघतो, मग उसाची पहिली उचल किती जाहीर झाली ते बघतो. मला जमीन थोडी आणि कवितेचा नाद जास्त. त्यामुळे मी आठवड्यातून एकदा गाण्यांचा भाव बघतो. यूट्यूब दर आठवड्याला आपल्या देशात सर्वाधिक वाजलेल्या शंभर गाण्यांची यादी देतं. शुक्रवारपासून गुरुवारपर्यंतचा हिशेब. गाणं आज कितव्या जागेवर आहे, गेल्या आठवड्यात कुठे होतं, यादीत येऊन किती आठवडे झाले, सगळं त्यात असतं. गाणं चढलं की वर टोक केलेला बाण, उतरलं की खाली टोक केलेला.

घरातली मुलं हसतात. म्हणतात, अब्बा, या वयात तुम्हाला याचं काय? मी म्हणतो, बाबांनो, गाणी हा माझ्या बिरादरीचा धंदा आहे. आपल्या मालाला बाजारात काय भाव आहे हे शेतकऱ्यानं बघावं, तसं कवीनंही बघावं.

काही वर्षं ही यादी बघितल्यावर चढउताराच्या तऱ्हा ओळखू येऊ लागतात. पहिली तऱ्हा पुराच्या पाण्याची. भंडारदऱ्याहून पाणी सुटलं की आमची प्रवरा एका रात्रीत दुथडी भरते, आणि आठ दिवसांनी जाऊन बघावं तर पुन्हा वाळू उघडी. मोठ्या चित्रपटाचं गाणं असंच येतं. शुक्रवारी आलं, पुढच्या यादीत पहिल्या पाचांत गेलं आणि महिन्याभरात दिसेनासं झालं. दुसरी तऱ्हा लग्नसराईची. काही गाणी वर्षभर तळाशी पडून असतात आणि तिथी निघायला लागल्या की पुन्हा डोकं वर काढतात. हळदीची गाणी, वरातीची गाणी. त्यांना नवं असण्याची गरज नसते, नाचता यावं एवढं पुरतं.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यात जास्त विचारात पाडते. ती न हलणाऱ्या गाण्यांची. गुलशन कुमार यांच्या कंपनीनं यूट्यूबवर ठेवलेली, हरिहरन यांनी गायलेली हनुमान चालिसा चारशे कोटींपेक्षा जास्त वेळा बघितली गेली आहे. भारतातला दुसरा कोणताही व्हिडिओ तिथवर पोचलेला नाही. आता हे चारशे कोटी म्हणजे चारशे कोटी माणसं नव्हेत. आमच्या गल्लीत पहाटे अजान होते, त्यानंतर थोड्या वेळानं पलीकडच्या घरात चालिसा लागते. रोज लागते. म्हणजे त्या एका घराची वर्षाला तीनशे पासष्ट मतं पडली. हा नित्यपाठ आहे. नित्यपाठ आणि आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या घरातल्या आजींना कळतं, यंत्राला कळत नाही. यंत्र दोन्ही एकाच रकान्यात मांडतं.

जगाचंही तसंच. २०२० च्या नोव्हेंबरपासून यूट्यूबवर जगात सर्वाधिक बघितला गेलेला व्हिडिओ आहे तो शार्क माशाच्या पिल्लाचा, तान्ह्या मुलांसाठी केलेला. पोळ्या लाटायच्या असतात, पोर कडेवरून उतरत नाही, आई हातात मोबाईल देते. पोर एकच गाणं वीस वेळा बघतं. वीस मतं. ज्याला अजून बोलता येत नाही त्याचा कौल जगात सर्वांत मोठा ठरला! मला त्या पोराचा हेवा वाटतो. कोणत्याही कवीला एवढा एकनिष्ठ वाचक मिळत नाही.

सांगायचा मुद्दा असा, की गाण्यांची यादी ही गाण्यांबद्दल जेवढं सांगते तेवढंच मोजणाऱ्याबद्दल सांगते. कोण मोजतं, काय मोजतं आणि काय मोजायचं राहून जातं, हे कळल्याशिवाय चढलेल्या बाणाचा अर्थ लागत नाही.

ही मोजदाद सुरू झाली त्या दिवसांकडे जरा बघू. १९५२ सालच्या १४ नोव्हेंबरला लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकानं ब्रिटनमधली पहिली विक्रीची यादी छापली. पद्धत अगदी साधी होती. त्यांच्या माणसानं फोन उचलला, साधारण वीस दुकानांना विचारलं, या आठवड्यात कोणत्या तबकड्या जास्त खपल्या? उत्तरं कागदावर मांडली, बेरीज केली, झाली यादी. आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ३ डिसेंबर १९५२ ला, सिलोन रेडिओवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. लंडनला दुकानदारांना विचारलं गेलं. आपल्याकडे श्रोत्यांना विचारलं गेलं.

गीतमाला का सुरू झाली हेही ऐकण्यासारखं आहे. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. सिनेमाची गाणी म्हणजे अभिरुचीचा ऱ्हास, असं त्यांचं मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोता काय करणार? त्यानं काटा फिरवला आणि सिलोन लावलं. महायुद्धाच्या वेळी उभारलेलं ताकदवान प्रक्षेपण केंद्र कोलंबोला होतं, त्याचा आवाज आपल्या गावागावांत पोचत होता. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. ज्या गाण्यांना यादीतून वगळलं त्यांनी स्वतःची यादी दुसऱ्या देशात जाऊन तयार केली, असा हा इतिहास आहे.

गीतमालेचे निवेदक अमीन सयानी. २० फेब्रुवारी २०२४ ला ते गेले, तेव्हा ९१ वर्षांचे होते. त्यांच्या बोलण्याचं सगळे कौतुक करतात, पण ते बोलणं आलं कुठून हे फारसं सांगितलं जात नाही. त्यांच्या आई कुलसुम सयानी या प्रौढांना अक्षरओळख करून देणाऱ्या कार्यकर्त्या. गांधीजींच्या सांगण्यावरून त्या 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या. भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी. लिपी तीन, देवनागरी, उर्दू आणि गुजराती. नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसाला कळेल असं लिहायचं, ही त्या पाक्षिकाची अट. मुलगा त्या कामात हाताखाली होता. पुढे तो रेडिओवर बोलू लागला तेव्हा बेलापूरच्या शिंप्यालाही कळलं आणि दिल्लीच्या प्राध्यापकालाही, याचं कारण मला त्या पाक्षिकात दिसतं.

सुरुवातीला गीतमाला ही स्पर्धा होती. अर्ध्या तासात सात गाणी वाजवायची, त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. चाळीस-पन्नास पत्रं येतील असा सयानींचा अंदाज होता. पहिल्याच खेपेला नऊ हजार आली. मग ती वाढत वाढत आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेली. एवढी पत्रं तपासायची कुणी? स्पर्धा बंद झाली आणि लोकप्रियतेच्या क्रमानं गाणी ऐकवायचा कार्यक्रम सुरू झाला. बुधवारी रात्री आठ ते नऊ. क्रमांक हा शब्द सयानींनी वापरला नाही. ते म्हणायचे, पायदान. पायदान म्हणजे पायरी. गाणं पायऱ्या चढत वर येतं आहे आणि आपण खाली उभे राहून मान उंच करून बघतो आहोत, असं ते चित्र. वर पोचलेल्या गाण्याच्या सन्मानाला बिगुल.

क्रम ठरायचा दोन गोष्टींवरून. देशभरातल्या दुकानांत तबकड्या किती खपल्या, आणि श्रोता संघांनी कौल काय दिला. दोन्ही का? नुसती विक्री धरली तर एखादा निर्माता आपल्याच गाण्याच्या तबकड्या गुपचूप उचलून आकडा फुगवू शकतो. नुसती पत्रं धरली तर चार मित्र बसून चारशे कार्डं लिहू शकतात. दोन्ही एकमेकांवर ठेवून बघितलं की लबाडी जरा कठीण होते. साधा व्यवहार होता, पण त्यात शहाणपण होतं.

आता आमच्या बेलापूरचं सांगतो. आमच्या गावाचं एक दुखणं आहे. बेलापूर म्हटलं की लोकांना नवी मुंबई आठवते. रेल्वेनंही घोळ घालून ठेवलेला, बेलापूर नावाचं स्टेशन आहे ते श्रीरामपुरात आणि गाव तिथून लांब, प्रवरेच्या काठी. म्हणून आम्ही पोरं कार्ड लिहिताना 'बेलापूर, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर' असं ठसठशीत लिहायचो. मी ऐंशीच्या आसपासची गोष्ट सांगतो आहे. आमच्या गल्लीतल्या पोरांनी श्रोता संघ काढला होता. संघ म्हणजे सात पोरं आणि शिंप्याच्या दुकानातला एक रेडिओ. कार्ड पंधरा पैशांचं. त्या पंधरा पैशांसाठी प्रत्येक जण दोन-तीन पैसे द्यायचा आणि म्हणून प्रत्येकाला आपलं म्हणणं त्या कार्डावर हवं असायचं. १९८१ साली 'लावारिस'मधलं अमिताभ बच्चनचं गाणं वर्षाच्या यादीत शिखरावर पोचलं, त्या वर्षी आमच्यात चक्क भांडणं झाली. दोघे त्या गाण्याच्या बाजूचे, बाकीचे म्हणायचे ही नुसती थट्टा आहे, याला गाणं म्हणायचं का? दोन बुधवार वाद चालला. मग मतदान झालं, चार विरुद्ध तीन, आणि एका कार्डावर एक नाव गेलं.

आज मी त्या कार्डाकडे बघतो तेव्हा वाटतं, त्या मताला वजन होतं. ते द्यायला आठवडाभर विचार करावा लागत होता, खिशातले पैसे घालावे लागत होते, शेजाऱ्याला पटवावं लागत होतं. आणि त्याच्याखाली गावाचं नाव होतं. बिहारमधल्या, म्हणजे आताच्या झारखंडमधल्या, झुमरी तलैया या गावाचं नाव साऱ्या देशाला माहीत झालं ते तिथल्या श्रोत्यांच्या फर्माईशींमुळे. अभ्रकाच्या खाणींचं ते गाव. पण अभ्रकानं जेवढं नाव केलं नाही तेवढं पोस्टकार्डांनी केलं. पुष्कळ लोकांना तर असं गावच नाही, रेडिओवाल्यांनी गमतीनं काढलेलं नाव आहे, असं वाटायचं.

मोजायची रीत बदलली की निकाल कसा बदलतो याचा मोठा दाखला अमेरिकेतला आहे. तिथे 'बिलबोर्ड' नावाचं नियतकालिक यादी काढतं. कित्येक वर्षं तेही दुकानांना विचारूनच यादी करायचे. १९९१ च्या मे महिन्यापासून त्यांनी अल्बमच्या यादीसाठी दुकानातल्या यंत्रावर उमटणारी खरी विक्री मोजायला सुरुवात केली. वस्तूवरचे काळे पट्टे यंत्र वाचतं, तोच आकडा थेट यादीत. आणि काय झालं? कृष्णवर्णीय वस्त्यांतलं रॅप आणि खेड्यापाड्यांतलं कंट्री संगीत एकदम वर आलं. ऐकणारे आधीही होते, विकत घेणारेही होते. पण फोनवर विचारलं की दुकानदार आपल्या मनानं दुसरीच नावं सांगायचा. काहींना ती गाणी खालच्या दर्जाची वाटत, काहींना दुसराच माल खपवायचा असे. यंत्रानं न्याय केला. यंत्राला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये, म्हणून मुद्दाम सांगितली.

पण यंत्रालाही फसवता येतं. २०१९ च्या जुलै महिन्यात एका हिंदी गाण्यानं चोवीस तासांत साडेसात कोटी वेळा बघितलं गेल्याचा डंका पिटला. त्यात जाहिरातीचे पैसे मोजून लोकांच्या डोळ्यांपुढे आणलेल्या दर्शनांचा वाटा मोठा, अशी चर्चा झाली. यूट्यूबनं तो विक्रम जाहीर केला नाही आणि त्याच सप्टेंबरमध्ये ठरवलं, की याद्या आणि चोवीस तासांचे विक्रम यांत जाहिरातीतून आलेली दर्शनं धरायची नाहीत. म्हणजे पुन्हा तेच. तबकड्या गुपचूप उचलणारा निर्माता सत्तर वर्षांत म्हातारा झाला नाही, त्यानं फक्त दुकान बदललं.

आता आपल्या मराठीकडे वळतो. मराठी गाण्याला अशी शिडी कधी मिळाली नाही. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. वर्षभर, आठवड्याला एक नवं गीत, अशी छप्पन गीतं. गीतमाला तेव्हा ऐन भरात होती. पण छप्पनांत पहिलं कोणतं, असं विचारायची सोयच नव्हती, कारण तिथे क्रम कथेचा होता. आकाशवाणीवरचं 'आपली आवड' घ्या. त्यात गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचायचे, गाव, मग सगळं कुटुंब. गाणं तीन मिनिटांचं आणि नावं दोन मिनिटांची, अशी आम्ही थट्टा करायचो. एकदा त्या नावांत आमच्या गावाचं नाव आलं. तालुक्यासकट आलं. त्या दिवशी शिंप्यानं सगळ्यांना चहा पाजला. गाणं कोणतं होतं ते आज एकालाही आठवत नाही.

मग कॅसेटचं युग आलं. आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं ऐंशीच्या दशकात या महाराष्ट्रात कुठे वाजलं नाही ते सांगा. एस.टी. स्टँडवर, रसवंतीत, गणपतीपुढे, उसाच्या ट्रॅक्टरवर. त्यांचे वडील प्रल्हाद शिंदे यांनी गायलेली विठ्ठलाची गाणी आजही आषाढीला वाटेवर ऐकू येतात, आणि त्यांचीच भीमगीतं चौदा एप्रिलला. पण कोणत्या यादीत त्यांचं पायदान ठरलं होतं? गीतमाला हिंदी सिनेमाची, तिच्यात हे बसत नव्हतं. मराठी सुगम संगीताच्या मैफली पुण्या-मुंबईच्या, त्यांतही बसत नव्हतं. ऐकणारे लाखो आणि मोजणारा कुणी नाही.

त्यानंतरचा एक काळ तर कुणी लिहूनही ठेवलेला नाही. साधारण दोन हजार आठ-नऊपासून पुढची सात-आठ वर्षं आमच्याकडे मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. दहा-वीस रुपये द्यायचे आणि म्हणायचं, भर बाबा गाणी. तो पोरगा गिऱ्हाइकाकडे बघून ठरवायचा. ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या माणसाला वेगळी, कॉलेजच्या पोराला वेगळी, दर्ग्याला निघालेल्या माणसाला कव्वाली. तो मोबाईलवाला आमच्या गावाचा अमीन सयानी होता. कोणतं गाणं चढतं आहे हे त्याला महिनाभर आधी कळायचं. कॉपीराइटच्या दृष्टीनं ते बेकायदा होतं, कवीच्या आणि गायकाच्या हातात त्यातला एक पैसा पडला नाही, हे मी एक गीतकार म्हणून विसरू शकत नाही. पण गावानं त्या काळात काय ऐकलं याचा हिशेब कुठेच नाही, हेही खरं.

मग इंटरनेट स्वस्त झालं आणि चित्र पालटलं. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा नागराज मंजुळे, संगीत अजय-अतुल यांचं. आमच्या जिल्ह्याची शीव ओलांडली की करमाळा. 'झिंगाट' मराठी न कळणाऱ्यांच्या वरातीतही वाजलं, आणि २०१८ च्या 'धडक'मध्ये हिंदीला ते आपल्या शब्दांत घ्यावं लागलं. २०२४ साली जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड या तरुणाचं 'गुलाबी साडी' आलं. मागे मोठा चित्रपट नाही, नट नाही. साऱ्या देशातल्या पोरीबाळींनी त्याच्यावर रील केले. मराठी गाणं देशाच्या यादीत हिंदी-पंजाबीच्या खांद्याला खांदा लावून उभं राहिलं, ते या नव्या मोजणीमुळे. बिलबोर्डच्या यंत्रानं जो न्याय केला तोच हा. मला त्याचा मनापासून आनंद आहे.

तरी मनात एक काटा राहतो, तो सांगतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे गाणी लिहून मागणारी पोरं येतात. आसपासच्या गावांतली, हुशार, कष्टाळू. पूर्वी कुणी आलं की सांगायचं, अशी अशी चाल आहे, असा प्रसंग आहे. आता सांगतात, सर, पंधरा सेकंदांचा तुकडा जबरदस्त पाहिजे, बाकी काही चालेल. त्यांचं चुकत नाही. रीलला तुकडाच लागतो. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी तीस सेकंद ऐकलं की एक आकडा पडतो, एकतिसाव्या सेकंदाला सोडून दिलं तरी चालतं. म्हणून मुखड्याआधीचं वादन गेलं, दुसरा अंतरा गेला, तिसऱ्याचं नावच नको. कांद्याला आकारावर भाव मिळायला लागला की शेतकरी तेच बियाणं धरणार. मोजणी आता गाणं झाल्यावर होत नाही, गाणं लिहितानाच होते. यादी वाचणारं यंत्र आणि यादीतलं पुढे ढकलणारं यंत्रही एकच. जे वर आहे तेच समोर येतं, समोर येतं म्हणून आणखी वर जातं.

आणि याच्याही पलीकडची गोष्ट. ऊस भरलेला ट्रॅक्टर रस्त्यानं जातो, त्याच्या भोंग्यावरचं गाणं हजार माणसं ऐकतात; हिशेबात ते एक, किंवा शून्य. बेंजो पार्टीनं वरातीत वाजवलेलं, शून्य. ऊसतोड्यांच्या कोप्यांवर रात्री बायका जे गातात ते शून्य. या शून्यांची मला भीती वाटते. भीती अशी, की यादीत जे नाही ते गाणंच नव्हे, असं आमच्या पोरांना वाटायला लागलं आहे.

माझी अम्मी घरात दखनी बोलायची. अक्षरओळख नव्हती. पण जात्यावर बसली की तिची ओवी मराठीच. शेजारणींकडून ऐकलेली, काही स्वतः जोडलेली. त्यात भाऊ असायचा, माहेर असायचं, पीर असायचा आणि पंढरीचा विठ्ठलही. माझी मराठी कविता कुठून आली असं लोक विचारतात, तेव्हा मी कॉलेजचं नाव सांगत नाही, जात्याचं सांगतो. पिठाची गिरणी आली, जातं उंबऱ्याबाहेर गेलं, आणि ती गाणी अम्मीबरोबर गेली. ती कधी मोजली गेली नाहीत.

पण अशा गाण्यांची मोजदाद करणारेही या महाराष्ट्रात निघाले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बायका. आता 'परी', म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'च्या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि ऐकायलाही मिळतात. ही सुद्धा एक यादीच आहे. पण तिच्यात पहिली, दुसरी असं काही नाही. तिच्यात ओवीपुढे बाईचं नाव आहे आणि गावाचं नाव आहे.

मला या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून बघायला आवडतं. एकीत आकडा मोठा आहे, ऐकणाऱ्याचं नाव नाही. दुसरीत आकडा नाही, गाणारणीचं नाव आहे. आपल्याला दोन्ही लागतात. पहिली नसती तर जळगावच्या तांड्यावरचा पोरगा दिल्ली-मुंबईला दिसला नसता. दुसरी नसती तर आपल्या आयाबहिणी गाऊन गेल्या याचा पुरावा राहिला नसता.

आमच्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमद होऊन गेले. मुसलमानाच्या घरी जन्मलेला माणूस, त्यानं मराठीत अभंग लिहिले, 'योगसंग्राम' लिहिला. शिकलगार सगनभाऊंनी लावण्या लिहिल्या, त्या पेशवाईच्या अखेरीपासून फडावर गायल्या गेल्या. कलगी-तुऱ्याच्या झगड्यात रात्रभर सवाल-जवाब चालायचे आणि पहाटे लोक ठरवायचे, आज कोण वर. दुसऱ्या गावात दुसऱ्या रात्री निकाल उलटा लागायचा. तेव्हाही पायदान होतंच. पण ते एका रात्रीपुरतं आणि एका गावापुरतं होतं. सकाळी गावकरी ज्या ओळी गुणगुणत शेतावर जायचे त्याच ओळी पुढच्या पिढीला मिळाल्या.

म्हणून श्रोतेहो, माझी एक विनंती आहे. यादी जरूर बघा, मीही बघणार आहे. नव्या पोरांचं गाणं चढलं तर टाळी वाजवा. पण तुमच्या घरात, शेजारात एखादी म्हातारी असेल जिला जात्यावरचं, पाळण्याचं, हळदीचं, मोहरमचं, भलरीचं एखादं गाणं येत असेल, तर तिच्यासमोर बसा. तुमच्या हातात मोबाईल आहेच. तिचं गाणं पूर्ण भरून घ्या, पंधरा सेकंदांचं नव्हे. तिचं पूर्ण नाव बोलून घ्या, माहेरचं गाव, सासरचं गाव, तारीख. मग ते चार जणांकडे ठेवा, म्हणजे एक मोबाईल बिघडला तरी ते बुडणार नाही. त्याला सात लोकांनी ऐकलं तरी पुष्कळ झालं. आमच्या श्रोता संघातही सातच पोरं होती.

आणि गावाचं नाव लिहिताना तालुका, जिल्हा सगळं लिहा. नाहीतर पुढची माणसं नवी मुंबईत शोधत बसतील.